शेवटचा पाना ज्याच्या हातात

गाडी गॅरेजला टाकलेली असते, काम साधंच असतं, सायलेन्सरचं पॅकिंग बदलायचं किंवा हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, ऑइल गळतंय ते बघायचं, आणि दुपारी मेकॅनिकचा फोन येतो, "दादा, एक स्टड तुटलाय." हे ऐकल्यावर बहुतेकांच्या डोक्यात एकच विचार येतो की याने तोडला. सकाळी गाडी आणली तेव्हा स्टड जागेवर होता, आता नाही, मधल्या वेळात फक्त याचा पाना फिरलाय, म्हणजे विषय संपला. मला या हिशोबाबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या मते तो बऱ्याचदा चुकीचा असतो आणि त्याची भरपाई करतो तो गॅरेजमधला सगळ्यात कमी पगाराचा पोरगा.

माझ्या मामाचं चिपळूणला गॅरेज आहे, टू-व्हीलर जास्त आणि अधूनमधून एखादी जीप, टेम्पो. मी डिप्लोमा करून चाकणला नोकरीला, तेही नट-बोल्ट तपासायच्या खात्यात, म्हणजे दिवसभर बोल्ट ओढायचे, पिळायचे, तोडायचे आणि कुठे कसा तुटला ते बघून कागदावर लिहायचं. त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की पाय आपोआप मामाच्या गॅरेजकडे वळतात. कंपनीत आम्ही मुद्दाम तोडतो तीच गोष्ट तिथे नको असताना तुटते, आणि ती तुटल्यावर माणसं एकमेकांशी कशी बोलतात हेही तिथेच बघायला मिळतं.

स्टड म्हणजे काय ते आधी सांगतो, सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. डोकं नसलेला बोल्ट समजा, दोन्ही टोकांना आटे, एक टोक हेडमध्ये नाहीतर ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडात, कायमचं बसवलेलं आणि दुसऱ्या टोकावर नट. सरळ बोल्ट का नाही वापरत, तर हेड असतं ॲल्युमिनियमचं, मऊ, त्यात पोलादी बोल्ट दर वेळी काढला-घातला तर हळूहळू आटे जातात. म्हणून स्टड आत राहू द्यायचा, खोलायचा-लावायचा तो फक्त नट, म्हणजे हेडचे आटे वाचतात. कल्पना उत्तम आहे. फक्त तिचा दुसरा अर्थ असा होतो की ते आतलं टोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं कोणी हलवतच नाही. बाहेर पाऊस पडतो, इंजिन तापतं, निवतं, परत तापतं, आणि आत त्या आट्यांमध्ये काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

आता जोराचं गणित बघा, कारण निम्मी गोष्ट इथेच आहे. शंभर सीसीच्या गाडीच्या सायलेन्सरला साधारण ६ मिलिमीटरचे दोन स्टड असतात, त्यावरचा नट १० नंबरच्या पान्याने खोलतो. ८.८ दर्जाचा, म्हणजे चांगल्या ताकदीच्या पोलादाचा, असा स्टड असेल तर त्याला घट्ट करायला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळायच्या जोराचं माप) पुरतात, आणि १६-१७ च्या आसपास गेलात की तो पिळून तुटतो. न्यूटन-मीटर सोडा, हातात काय लागतं ते सांगतो. १५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला ७ किलोचा जोर दिला की १० न्यूटन-मीटर होतात, आणि ११ किलोला तुटायची वेळ आलेली असते. म्हणजे बरोबर आणि मोडलं यांच्यात फक्त ४ किलोचा फरक. आणि तोच पाना एक फुटाचा घेतलात, किंवा त्यात पाईप घातलात (आपल्याकडे पाईप घालायची फार हौस), तर साडेतीन किलोला घट्ट आणि साडेपाच किलोला खलास. दोन किलोचा फरक कोणाच्या हाताला कळणार हो? ज्याला कळतो तो खरा मेस्त्री, असं मी म्हणेन.

त्यातही गंमत अशी की पान्याला दिलेला सगळा जोर स्टडपर्यंत पोचतच नाही. स्वच्छ, नवीन आटे असतील तर जोराचा साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाशी घासण्यातच जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये घासण्यात, आणि उरलेला जेमतेम १० टक्के स्टडला ताणायच्या कामी येतो. आपल्याला हवा असतो तो हा ताण, कारण स्टड जरासा लांबतो आणि रबरासारखा मागे यायला बघतो, त्याच ओढीने दोन पार्ट एकमेकांना दाबून राहतात. आता आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर घासणं कमी होतं, मग तेवढ्याच जोरात स्टड बराच जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांचा आकडा ऑइल लावलेल्या आट्यांना वापरला की स्टड बसवतानाच ताणून लांबडा झालेला असतो. तो त्या दिवशी तुटत नाही. गाडी घरी जाते, सगळे खूश. तो तुटतो पुढच्या वेळी, दुसऱ्याच गॅरेजमध्ये, दुसऱ्याच पोराच्या हातात.

आणि खोलताना गंज आडवा येतो. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त. नट आणि स्टडच्या आट्यांमधली फट असते केसाएवढी, ती गंजाने ठासून भरते. आतल्या टोकाला ॲल्युमिनियम आणि पोलाद शेजारी, आणि मधे ओल, त्यात आपल्याकडे खारं वारं. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरीसारखं काम चालू होतं, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते, तीही फुगते, तीही जागा भरते. मग तुम्ही नटाला पाना लावता, नट स्टडला चिकटलेला, स्टड हेडला चिकटलेला, आणि तुमचा सगळा जोर मधल्या त्या ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादाला पिळायला जातो. तिथे तो पोरगा काय करणार.

गेल्या पावसाळ्यानंतर मी गॅरेजमध्ये बसलेलो असताना झालेली गोष्ट. मासळीचा धंदा करणारा एक माणूस गाडी घेऊन आला, शंभर सीसीची, मागे क्रेटची फ्रेम ठोकलेली. सायलेन्सर फटफट करतोय म्हणे, पॅकिंग गेलंय. रोज पहाटे जेटीवर जाणारी गाडी. अशा गाडीचं पुढचं चाक ओल्या जेटीवरचं खारं पाणी नेमकं इंजिनच्या तोंडावर उडवतं, जिथे सायलेन्सरचे ते दोन नट असतात, गरम लोखंडावर पाणी वाळतं आणि मीठ तिथेच राहतं. मामाने डिझेल मारून तासभर ठेवायला सांगितलं होतं, पोराने ठेवलंही होतं. मग दहाचा रिंग पाना लावला. डावीकडचा नट कुरकुर करत सुटला. उजवीकडचा पाव आटा फिरला आणि अगदी बारीक टक्क असा आवाज होऊन नट, त्यात अडकलेला स्टडचा तुकडा, सगळं रिंग पान्यात आलं.

गिऱ्हाईक तिथेच उभं होतं. "नवीन पोरगा ठेवलात वाटतं मेस्त्री? तोडला ना त्याने!"

पोरगा काहीच बोलला नाही. आयटीआय करून नुकताच लागलेला, कानापर्यंत लाल झाला. मामाने तो तुकडा घेतला, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि तुटलेलं तोंड वर करून गिऱ्हाइकासमोर धरलं. मी पण वाकून बघितलं. गोल तोंडाचा जवळजवळ पाऊण भाग काळा-तांबूस, गुळगुळीत, आणि त्यावर बारीक वळणदार रेघा, पुळणीवर ओहोटीचं पाणी मागे जाताना सोडून जातं तशा. फक्त एका कडेला नखाएवढी चंद्रकोर ताज्या पोलादाची, करडी, खरबरीत, चमकणारी.

मामा म्हणाला, "भाऊ, हा चमकतोय तेवढाच आज तुटलाय. बाकीचा काळा झालाय तो कधी तुटला असेल सांगा. धूर आत जाऊन काळा झालाय तो."

ते तोंड बघून मला कंपनीत लिहिलेले किती रिपोर्ट आठवले. याला आम्ही फटीग म्हणतो, थकून तुटणं. एकाच जागी पुन्हा पुन्हा झटके बसत राहिले की पोलाद त्याच्या ताकदीच्या कितीतरी खाली असलेल्या जोरालाही हार मानतं. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस असाच तुटला, गाडी पेटली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा लोकांना वाटायचं की लोखंड वापरून वापरून आतून बदलतं, खड्यांसारखं ठिसूळ होतं. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने दाखवलं की तसं काही नसतं, कोपऱ्यात एक बारीक चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, लाखो वेळा वाकवून बघितलं. आज असे झटके खाणारा यंत्राचा भाग डिझाईन होतो तो त्या कामाच्या पायावर उभा आहे. आणि त्याच गोष्टीची खूण चिपळूणच्या गॅरेजमध्ये नखाएवढ्या तुकड्यावर दिसत होती.

आता ते झटके आले कुठून? चार-स्ट्रोक इंजिन ४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर, चालत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा जळका धूर बाहेर फेकतं, म्हणजे मिनिटाला २००० वेळा, तासाला १ लाख २० हजार. नट नीट घट्ट असतील तर या धक्क्यातला फार थोडा भाग स्टडला कळतो, कारण दोन पार्ट एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि बहुतेक झटका तेच पचवतात. पण एक नट घट्ट आणि एक ढिला असेल तर सायलेन्सरचं तोंड हलतं आणि तो झटका थेट स्टडवर येतो. हे लोकांना पटत नाही, पण ढिला स्टड पण तुटतो, घट्ट केलेल्यापेक्षा लवकर तुटतो. आणि तुटतो कुठे, तर जिथे नटाचा पहिला आटा सुरू होतो तिथे नाहीतर हेडच्या तोंडाशी, कारण ताणाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पहिला आटा एकटाच उचलतो, मागचे बाकीचे कमी कमी. या गाडीचंही तेच होतं, मागे कधीतरी कोणीतरी एक नट करकचून आवळला आणि दुसऱ्याला नुसता टेकवला. कोण होता तो, कधी, कुठलं गॅरेज, काही कळायला मार्ग नाही. तो आज तिथे उभा नव्हता एवढं खरं.

गिऱ्हाइकाला काही पटलं नाही. "ते मला काय कळतंय, मी चालती गाडी आणली होती." शेवटी ठरलं असं की स्टडचे पैसे त्याने द्यायचे आणि काढायची मजुरी मामाने सोडायची. मला ते अजिबात आवडलं नाही, संध्याकाळी मामाला म्हटलं की तुझी काही चूक नसताना तू का भरलंस. मामा म्हणाला, "अरे, त्याला पहाटे जेटीवर जायचंय. भांडत बसलो असतो तर त्याचा उद्याचा दिवस बुडाला असता आणि माझं गिऱ्हाईक गेलं असतं. पण पोराच्या पगारातून एक रुपया कापणार नाही, ते त्याच्यासमोरच सांगितलंय त्याला." मजुरीच्या बाबतीत मला अजूनही मामाचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. दुसऱ्या वाक्यासाठी मात्र मला त्याचा फार अभिमान वाटतो, कारण अशी गॅरेजं मी पाहिलीत जिथे तुटलेल्या प्रत्येक बोल्टाचे पैसे पोराच्या नावावर लिहितात.

तो स्टड काढला कसा तेही सांगतो, कारण खरी मेस्त्रीगिरी त्यात होती. हेडच्या तोंडाच्या जरा आत तुटलेला, म्हणजे पकडायला काहीच नाही. ईझी-आऊट नावाचं एक हत्यार मिळतं, मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांची ती खुंटी घालून फिरवायची. मामा त्याच्या वाटेलाच जात नाही आणि मला त्याचं पटतं. ते असतं खूप कडक, म्हणजेच ठिसूळ, आणि जो स्टड अख्खा असताना सुटला नाही तो त्याच्या निम्म्या जाडीच्या खुंटीने कसा सुटेल? ती आत तुटली की मग साधं ड्रिल त्याला दादच देत नाही, हेड उतरवून मशीनवाल्याकडे न्यायची वेळ येते. मामाने बॅटरीची वायर काढली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं, तुटक्या स्टडवर आधी वेल्डिंगचा थेंब थेंब चढवून त्याला तोंडाच्या बाहेर आणलं, त्यावर एक जुना नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. वर त्या आचेने स्टड आतून फुगतो, आजूबाजूची भुकटी चुरडली जाते, निवला की जरा आखडतो आणि पकड सुटते. कोमट असतानाच मामाने नटाला पाना लावला, पण सोडायच्या दिशेने नाही, आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या, परत आवळायच्या. प्रत्येक वेळी थोडं जास्त. मधे डिझेलचा थेंब. दहा मिनिटांनी स्टड हाताने फिरत बाहेर आला, त्याचे आतले आटे पांढऱ्या भुकटीने भरलेले.

उष्णतेचं हे दोन्ही बाजूंनी चालतं, मित्रही तीच आणि शत्रूही तीच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं तर ०.२३ मिलिमीटर वाढतं, तेवढंच पोलाद ०.१२. सिलेंडर आणि हेड धरून ठेवणारे जे लांब स्टड असतात ते म्हणून गरम इंजिनमध्ये आणखी ताणले जातात, रोज, गाडी तापेल तेव्हा. गाडी नुकती चालवून आणलीय आणि घाईघाईत हेड खोलायला घेतलं की म्हणून वाट लागते. आणि जीप-टेम्पोच्या डिझेल इंजिनला बिडाचा लांबच लांब मॅनिफोल्ड (सगळ्या सिलेंडरचा धूर गोळा करणारा पाईप) असतो, तो तापून लांबायला बघतो, मधले स्टड त्याला धरून ठेवतात आणि सगळी ओढाताण येते दोन टोकांच्या स्टडवर. म्हणून मॅनिफोल्डचे टोकाचेच स्टड आधी तुटतात. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिक टिक असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर तो गायब होत असेल तर एकदा टोकाचा स्टड जागेवर आहे का बघा, बरेच जण त्याला टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हकडचा, आवाज समजून महिनोन्महिने फिरत असतात.

आमच्या चिपळूणला तर पुरानंतरची गाडी अशी एक वेगळी जातच झालीय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली, मामाचं गॅरेज आणि आतल्या गाड्या सगळं पाण्याखाली. तेव्हा इंजिनं खोलून चिखल काढला, ऑइल बदललं, गाड्या चालू केल्या, लोकांना कामावर जायचं होतं, एवढं झालं तेच खूप होतं. पण स्टडच्या मुळाशी गेलेली ती बारीक माती आणि ओल काढायला कोणाला वेळ होता? त्या गाड्या अजून येतात. वरून धुतलेल्या, पुसलेल्या, सीट कव्हर नवीन, आणि नटाला पाना लावला की मामाचा हात थांबतो.

हात थांबतो म्हणजे काय, ते मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण कंपनीत माझ्यासमोर मशीनच्या स्क्रीनवर रेघ असते, ती वाकायला लागली की कळतं पोलाद आता सरकतंय. मामाकडे ती रेघ नाही. त्याने मला नटाच्या कडेवर आणि स्टडच्या टोकावर खडूने एकच सरळ रेघ मारायला लावली आणि पाना फिरवायला सांगितलं. रेघ मोडली, म्हणजे नट फिरला आणि स्टडचं टोक जागेवर राहिलं, तर नट सुटतोय. रेघ अख्खी फिरली तर नट आणि स्टड एकत्र फिरतायत, मग एकतर पूर्ण स्टड बाहेर येतोय, तेही चालतं, नाहीतर तो मधे पिळला जातोय. आणि पिळला जात असेल तर हाताला मऊ लागतं. नट फिरतोय पण जोर वाढत नाहीये, लोण्यात फिरल्यासारखं. तिथे थांबायचं. थांबून डिझेल, आच, हातोडीचे हलके ठोके, रात्रभर ठेवणं, काय ते करायचं, पण पुढे ओढायचं नाही. त्या पोराला मामा आता प्रत्येक जुन्या गाडीवर खडू मारायला लावतो.

आवळताना मात्र ही शिस्त कोणी पाळत नाही आणि माझा खरा राग तिथे आहे. गिऱ्हाईकच म्हणतं, "चांगला आवळा हां मेस्त्री, परत ढिला नको व्हायला." मेस्त्री त्याला खूश करायला आणखी पाव फेरी देतो. मोठ्या ठिकाणी हवेची गन असते, टर्रर्र करून लावला की झालं, ६ मिलिमीटरच्या स्टडलाही तीच गन. टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, भिंतीवर टांगलेला, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आणि बऱ्याच कारच्या हेडचे बोल्ट तर आता असे येतात की ठराविक जोरानंतर ९० अंश, परत ९० अंश असे कोनात फिरवायचे, ते मुद्दाम कायमचे लांबतील इतके ताणायचे असतात आणि कंपनी सांगते की एकदा खोलले की टाकून द्या. ते वाचवून पुन्हा लावतात, वर लोकांना सांगतात तुमचे पैसे वाचवले.

मामाने त्या मासळीवाल्यानंतर एक पद्धत चालू केलीय. जुनी गाडी, पुरातली गाडी, खाऱ्या वाऱ्यातली गाडी असेल तर पाना लावायच्या आधी गिऱ्हाइकाला नट दाखवतो, फोटो काढतो आणि सांगतो की हा तुटू शकतो, तुटला तर काढायला इतका वेळ आणि इतके पैसे, चालेल तर हात लावतो. काही जण गाडी घेऊन दुसरीकडे जातात. बहुतेक जण थांबतात. तुमचा मेकॅनिक असं काही आधीच सांगत असेल तर त्याला घाबरवतोय असं समजू नका, आणि सांगत नसेल तर तुम्हीच विचारा, आणि तुटलाच तर तुकडा मागून घ्या आणि तोंड बघा, काळं किती आणि चमकतं किती.

नवीन स्टड टाकताना भोकातलं पाणी, ऑइल, डिझेल हवा मारून पूर्ण काढायला सांगा, बंद भोकात पातळ काही राहिलं आणि स्टड आत आवळला तर ते दाबलं जाऊन हेडला चीर पडू शकते. स्टड आत हाताने बसला पाहिजे, पान्याने ठोसायचा नाही. सायलेन्सरकडच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावा, ग्रीस नको, ग्रीस जळून जातं, आणि पेस्ट लावलीय तर जोर जरा कमी. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण करून मग दुसरा असं नाही. आणि दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर एकदा सकाळी थंड इंजिनवर ते नट परत बघून घ्या, पॅकिंग बसल्यावर थोडे सैल होतात, लहान दहाचा पाना आणि पाच मिनिटं एवढंच लागतं.